ऐरिन की ऐरॉन

टायवी नदीच्या काठी कुणी लाकूड चाटताना दिसला तर खुशाल समजावं, हा हेविन कातारी. बाकीची माणसं लाकूड जाळतात, कुंपणाला ठोकतात, फार तर त्याला टेकून शेजाऱ्यांची उणीदुणी काढतात. हेविन आधी चाटायचा. ओंडक्याचं कापलेलं तोंड चाकूनं बोटभर साफ करायचं, त्यावर थुंकीचं बोट फिरवायचं, नाक टेकवायचं, मग जिभेचं टोक. की लगेच निकाल. "चेरी. त्यातून उत्तरेच्या उतारावरची. उन्हाला मुकलेली."

उत्तरेचा उतार ही शुद्ध थाप असायची. चेरी मात्र असायचीच.

चॅपेलमध्ये व्यासपीठाला नवा कठडा बसवला तेव्हाची गोष्ट अजून सांगतात. सगळे माना खाली घालून प्रार्थना करत होते आणि या गृहस्थानं पुढच्या बाकावरून वाकून कठड्याला हळूच जीभ लावली. शेजारच्याच्या कानात म्हणाला, "ओकच्या नावाखाली चेस्टनट बांधलंय आपल्या गळ्यात." सुताराला बोलावलं. सुतार आधी रागावला, मग लाल झाला, मग म्हणाला की दोन्ही दिसायला सारखीच असतात. दिसायला असतील. हेविनच्या जिभेला नव्हती.

बाकी माणूस म्हणाल तर पक्का भित्रा. बैलाला भ्यायचा, दातांच्या डॉक्टरला भ्यायचा, फोन वाजला की तो उचलायच्या आधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा. त्याची बायको मेन्ना म्हणायची, "लग्नात 'हो' म्हणायलासुद्धा यानं माझी परवानगी घेतली." फक्त ओंडक्यासमोर उभा राहिला की त्याची पाठ ताठ व्हायची. देवानं एकाच जागी धीर दिला होता, तो असा.

तोच धीर तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. सगळ्या खोऱ्याला ताप आला, तसा हेविनलाही आला. दहा दिवसांनी उठला, शेडमध्ये गेला, फळीवरचा सफरचंदाचा तुकडा सवयीनं जिभेला लावला आणि तसाच उभा राहिला. जणू खिडकीची काच चाटली. नाकाशी धरला. काही नाही. टर्पेंटाइनची बाटली उघडून नाकात घातली. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास काही आला नाही.

येईल महिन्याभरात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. महिना गेला, वर्ष गेलं. त्यात डोळ्यांवरही धुकं उतरायला लागलं. सगळी लाकडं त्याला एकाच रंगाची दिसू लागली, जुन्या चहासारखी. गाडी चालवायचं त्यानं सोडलं आणि गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. लाकूड मात्र सोडवेना. मग तो वजनावरून ओळखायला लागला, ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखायला लागला, आणि सगळ्यात जास्त ओळखायला लागला ते खडूवरून. आमच्याकडे पाडलेलं झाड कुणी त्याच्या फाटकाशी टाकून गेलं, तर ओंडक्याच्या तोंडावर खडूनं झाडाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायची पद्धत आहे. पूर्वी हेविन ते अक्षर वाचायचासुद्धा नाही. आता तो आधी अक्षर वाचायचा, मग चारचौघांत ओंडका चाटायचा, डोळे मिटायचा आणि वाचलेलं नाव सांगायचा.

कुणाला पत्ता लागला नाही. निदान त्याला तसं वाटत होतं.

हेविनची मुलगी लिनेड अ‍ॅबरिस्टविथला असते, गाडीनं तासाभरावर. तिची कादी गेल्या ऑक्टोबरात वर्षाची झाली. या घराण्यात मूल पहिल्यांदा टेबलाशी बसून काउल खातं, म्हणजे आपला मटण आणि लीक नावाच्या कांदापातीचा रस्सा, तो आजोबांनी कातलेल्या वाटीतून. ही वाटी एरवी सिकॅमोरचीच. दुधातुपाला, रस्स्याला आमचे कातारी दुसरं लाकूड लावत नाहीत, कारण सिकॅमोर अन्नाला ना वास देतं ना चव. पण लिनेडनं हट्ट धरला. "बाबा, पांटग्लासच्या आलुबुखारचीच कर. सगळं लहानपण मी त्या झाडावर काढलंय."

पांटग्लास म्हणजे तेग्विनचं शेत. ते आलुबुखारचं झाड त्या वर्षी मार्चच्या वादळात कललं होतं आणि तेग्विननं ते पाडून सात ओंडके हेविनच्या फाटकाशी टाकले होते. सातांवरही खडूनं एकच अक्षर होतं: ऐ. आमच्या भाषेत आलुबुखारला ऐरिन म्हणतात. हेविननं एक ओंडका उभा चिरला, एका अर्धुकाची कच्ची वाटी कातून सहा महिने भुशाच्या पोत्यात वाळत ठेवली आणि दुसरं अर्धुक फळीवर टाकलं. सप्टेंबरअखेर वाटी पुरी केली. गडद, गुळगुळीत, हातात घेतली की सोडावीशी वाटू नये अशी. मेन्नानं तिला तेल चोळलं आणि लिनेडच्या हाती दिली.

तीन आठवडे झाले. मग तो रविवार आला.

प्रार्थना संपल्यावर चॅपेलच्या मागच्या खोलीत चहा असतो. किटली असते तेग्विनच्या बायकोच्या हातात, आणि तिच्या हातात किटली असली की कप भरायच्या आधी ती समोरच्याचा समाचार घेते.

"हेविन, माझ्या मेणबत्तीच्या बैठकीचं काय झालं? नाताळ आला की रे!"

"कसली बैठक?"

"घ्या! अहो तेग्विन, तुम्ही सांगितलंच नाही का याला? सहा महिने झाले लाकूड देऊन."

तेग्विन केकचा तुकडा गिळत म्हणाला, "सांगायचं काय त्यात? ओंडके दिले, वर अक्षर लिहिलं. हा चाटतो आणि समजतो. अरे, आलुबुखारबरोबर कुंपणातलं ते विषारी झाडही आडवं झालं होतं ना, त्याचे दोन. हिच्या नावाचं झाड."

तेग्विनच्या बायकोचं नाव ऐरॉन.

आता इथे थोडं थांबायला हवं. बहाव्यासारखे पिवळे घोस लोंबणारं एक झाड आमच्या कुंपणाकुंपणातून असतं. शेंगा विषारी, पानं विषारी, साल विषारी. लाकूड देखणं, बाजाच्या नळ्या, दरवाजाच्या मुठी करावं असं, पण खाण्याच्या भांड्याला शहाणा कातारी ते शिवत नाही. अख्खं खोरं या झाडाला सोनसाखळी म्हणतं. पुस्तकी नाव ऐरॉन, ते फक्त तेग्विन वापरतो, आणि तेही बायकोला चिडवायला. "सुंदर, पिवळी आणि जरा चावली तर माणूस खलास," हा त्याचा तीस वर्षांचा विनोद. ऐरॉनबाई केस रंगवतात, त्यामुळे तो अजून चालतो.

"ऐरिन," हेविन म्हणाला. "सगळे ऐरिनचेच होते."

"पाच ऐरिनचे, दोन ऐरॉनचे. अक्षर एकच, मी काय करू? तुला काय फरक पडतो म्हणा, तुझी जीभ आहे ना!"

सगळे हसले. हेविनही हसला. त्याची ती जीभ टाळूला चिकटली होती.

"पांढराफटक पडलास," ऐरॉनबाई म्हणाल्या. "चहात दूध कमी झालं काय?"

तो घरी कसा आला हे त्याला नंतर आठवेना. डोक्यात एकच चित्र फिरत होतं. शाळेच्या अंगणात त्याच्या वर्गातला एक पोरगा वाटाण्याच्या शेंगा समजून ते दाणे खाऊन बसला होता. हिरवा-पांढरा पडलेला, ओकतोय आणि मधेच मान टाकतोय. पोरगा वाचला होता. पण आठ वर्षांचा होता तो, दणकट. कादी एका वर्षाची.

मेन्ना चहाची भांडी धुवायला चॅपेलमध्येच थांबली होती. हेविननं कोटसुद्धा न काढता शेडचं दार उघडलं. चाळीस वर्षांत रविवारी ते दार उघडलं नव्हतं.

फळीवर ते दुसरं अर्धुक होतं. वाटीचं जुळं. जे याचं नाव, तेच तिचं.

त्यानं ते चाटलं. काही नाही. पुन्हा चाटलं, आणि मग आपण काय चाटतोय हे सुचून बाहीला तोंड पुसलं. नाकाशी धरलं. उजेडात नेलं. आलुबुखारचा गाभा लालसर-जांभळा असतो, सोनसाखळीचा ताजेपणी हिरवट-पिवळा आणि मग तपकिरी. त्याला दिसला तो चहाचा रंग. वजन? दोन्ही जड. आवाज? दोन्ही खणखणीत. खडूचं ऐ तेवढं स्वच्छ दिसत होतं.

मग त्याला भिंग आठवलं. साठीला लिनेडनं दिलेलं. तेव्हा तो म्हणाला होता, "हे पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना दे, पोरी." खणाच्या तळाशी ते होतं, डबीत, कोरं. त्यानं अर्धुकाचं तोंड पटाशीनं साफ करायला घेतलं. घाईत पटाशी घसरली आणि अंगठ्यावरच वार बसला. रक्त पुसून त्यानं भिंग डोळ्याला लावलं. वलयांशी भोकं दिसली, सोनसाखळीला असतात तशी. मग वाटलं, भोकं नाहीत, डोळ्यातलंच काहीतरी आहे. मग पुन्हा भोकं. मग धुकं.

खिशात फोन थरथरला. लिनेडनं चित्रफीत पाठवली होती. हेविननं तो अगदी नाकाशी धरला. उंच खुर्चीत कादी बसलेली, दोन्ही हातांत वाटी. वाटीत काही नव्हतं. ती वाटीची कड दातांत धरून करकर चावत होती, लाळ हनुवटीवरून गळत होती, आणि लिनेडचा आवाज येत होता: "आजोबा बघा, कादीला वाटी काउलपेक्षा आवडते! काल रात्री दोनदा ओकली हो बाबा, किरकिर करतेय, दात येताहेत बहुतेक. पण वाटी हातात दिली की गप्प."

हेविननं चित्रफीत बंद केली.

फोन लावायचा होता. 'वाटी काढून घे' एवढंच म्हणायचं होतं. पण लिनेड 'का' विचारणार. का म्हटलं की सांगावं लागणार की मी बघितलं नाही, मला दिसत नाही, मला वास येत नाही, दीड वर्ष मी सगळ्यांना फसवतोय. मग शेडला कुलूप. लेथ कुणातरी हौशी माणसाच्या गॅरेजमध्ये. हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि किती वेळ आलं? चहाचं पाणी उकळायला लागतो तेवढा वेळ. पुढे कितीदा तरी त्यानं हे कबूल केलं आहे, आपणहून, कुणी विचारलेलं नसताना. तेवढा वेळ नातीच्या तोंडात ती वाटी होती आणि आजोबा लेथचा विचार करत होता.

मग त्यानं फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"रविवारी शेडमध्ये?" दारात मेन्ना उभी. तिनं आधी त्याचा अंगठा पाहिला, मग तोंड. "काय केलंस?"

"मेन्ना, मला वास येत नाही."

"माहितीये."

"चवही नाही."

"तेही माहितीये. गेल्या मार्चमध्ये मी काउलमध्ये दोनदा मीठ घातलं. तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस आणि वर छान झालंय म्हणालास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. आता हे सांगायला रविवारी शेडमध्ये यायला लागलं?"

त्यानं सांगितलं. ऐरिन, ऐरॉन, सात ओंडके, एक अक्षर, कादीचे दात. मेन्नाच्या तोंडावरची थट्टा विझत गेली. तिनं त्याच्या हातून भिंग ओढलं.

"काय बघू? लवकर सांग."

"वलयं दिसतात? वर्षावर्षाची?"

"दिसतात."

"वलय जिथे सुरू होतं, तिथे बघ. नुसतं सपाट, सायीसारखं असेल, भोकं असली तरी सुईच्या टोकाएवढी, शोधून काढावी लागतील अशी, तर आलुबुखार." त्यानं अर्धुक तिच्या हातात ठेवलं. "आणि भोकांची रांग असेल, मोठ्या…"

मेन्ना खिडकीशी गेली. अर्धुक उजेडात धरलं आणि भिंग एकेका वलयावरून फिरवलं. बाहेर कुणाची तरी गाडी गेली.

"मेन्ना."

"रांग आहे," ती म्हणाली. "क्रोशाच्या कडेला टाके असतात तशी. प्रत्येक वलयाला. पुढे नागमोडी रेघा."

हेविन भुशात बसला. त्याला आता सगळं स्पष्ट झालं होतं आणि स्पष्ट होऊन काही उपयोग नव्हता.

"ऊठ," मेन्ना म्हणाली. "ते लाकूड बरोबर घे. डॉक्टर विचारतील."

गाडी तिनंच काढली. डोंगराच्या रस्त्याला लागल्यावर फोन वाजला. हेविननं सवयीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? दोन्ही हात चाकावर आहेत माझे. उचल."

"बाबा, सहा वेळा फोन? आम्ही समुद्रावर गेलो होतो. काय झालं? आई बरी आहे ना?"

"लिनेड, ती वाटी कादीच्या हातून काढ. आत्ता."

"का?"

रस्ता वळला. दोन्ही बाजूंना कुंपणं होती, आणि त्यांच्यात कुठली झाडं होती ते हेविनला दिसत नव्हतं, तरी ठाऊक होतं.

"आलुबुखार नाही ते. सोनसाखळी आहे. मी ओळखलं नाही, पोरी. मला ओळखताच आलं नाही."

पलीकडून काहीच नाही. फोन कानापासून काढून बघितला, तर डोंगरात आवाज तुटला होता. तिनं किती ऐकलं? 'वाटी काढ' ऐकलं? की नुसतं 'लिनेड' ऐकलं आणि पुढचं डोंगरानं खाल्लं? पुन्हा लावला, लागेना. वीस मिनिटं तो अंगठा घट्ट दाबून बसला. मेन्नानं एरवी त्याला चिडवून चिडवून रस्ता कापला असता. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही, आणि हेविनला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

लिनेड दारातच उभी होती. कादी कडेवर, अंगात कोट चढवलेली. लिनेडच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, तोंडाला दोन गाठी मारलेली, आत वाटी. म्हणजे ऐकलं होतं. कादी त्या पिशवीकडे हात करून टाहो फोडत होती.

"चला," लिनेड म्हणाली. बापाकडे तिनं पाहिलं नाही.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती, आमच्याच भाषेत बोलणारी. तिनं कादीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबलं, छाती तपासली, तोंडात बोट घातलं आणि बोट चावून घेतलं. "लाकूड कुठलं?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी हेविनकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदाच त्याच्याकडे खात्रीचं नाव होतं.

"ऐरॉन," तो म्हणाला. "सोनसाखळी. गाभ्याचं." आणि आपल्या पिशवीतून ते अर्धुक काढून टेबलावर ठेवलं, भोकांची रांग वर करून.

कादीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. चार तास हेविन खुर्चीत बसून तिच्या ओठांचा रंग बघत होता, आणि त्याला रंगच कळत नव्हते. दर थोड्या वेळानं तो मेन्नाला विचारायचा, "लाल आहेत ना?" मेन्ना म्हणायची, "लाल आहेत." सहाव्यांदा लिनेड म्हणाली, "लाल आहेत, बाबा." दुपारपासून ती त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

काही झालं नाही. ओकारी दातांची असावी, दोन दाढा येताहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असावी," हेविननं नंतर किती वेळा म्हणून दाखवलं. "'आहे' म्हणाली नाही. 'असावी' म्हणाली. आणि वाटी पुन्हा तोंडाला लावू नका, हे मात्र दोनदा म्हणाली."

मंगळवारपर्यंत ही बातमी खोरंभर झाली. कुणी केली ते विचारू नका. ऐरॉनबाई चिडल्या, की माझ्या नावानं विष पसरवलं. तेग्विन त्या आठवड्यात दोनदा हेविनच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आत आला आणि विनोद न करता म्हणाला, "मी पूर्ण नाव लिहायला हवं होतं रे." आता तो लिहितो. ओंडका केवढाही असो, पूर्ण नाव, आणि सोनसाखळी असली तर खाली 'झाड' असंही. बायकोला तो अजून चिडवतो, पण दुसऱ्या कुठल्यातरी झाडावरून.

शेडला कुलूप लागलं नाही. मेन्नानं एक स्टूल आणून खिडकीशी ठेवलं आणि भिंगाला दोरी बांधून गळ्यात घातलं. ओंडका आला की आधी ती बघते. हेविन विचारतो, ती सांगते, आणि कधी कधी तो नाव घ्यायच्या आधीच ती घेते. तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं असतं. गुडघ्याची थाप मोडीत निघाली, मोतीबिंदूची तारीख मिळाली. नाकाचं कुणी काही सांगत नाही.

ती वाटी शेडमध्येच आहे, उंच खिळ्याला, पिशवीतच. वर मेन्नाच्या अक्षरात पूर्ण नाव.

दर रविवारी दुपारी लिनेड चित्रफीत पाठवते. कादी चिनी मातीच्या ताटलीतून काउल खाते, निम्मं सांडते, उरलेलं केसांना लावते. हेविन फोन नाकाशी धरून शेवटच्या घासापर्यंत बघतो. ती हसली, पाय आपटले, की मग आपल्या चहाला हात लावतो. चहा तोवर गार झालेला असतो. त्याला काय, तशीही चव नसतेच.

आणि एक नवी वाटी आहे. सिकॅमोरची, पांढरी, पातळ, सुरेख. झाड त्याच्याच परसातलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यानंच लावलेलं. मेन्नानं ते तीनदा भिंगाखाली पाहिलंय, तेग्विननं त्याची पानं शपथेवर ओळखलीत. लिनेड दर महिन्याला विचारते, "बाबा, कादीची वाटी झाली का?"

"वाळतेय," हेविन म्हणतो.

सिकॅमोरची पातळ वाटी वाळायला सहा आठवडे लागतात. ही मे महिन्यापासून वाळतेय, आणि आता सप्टेंबर आलाय.